आवाज येतो, चित्र नाही: ‘पॅनेल गेलं’ हे मान्य करण्याआधी टॉर्च लावून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ४३ इंची एलईडी टीव्ही, वॉरंटी संपलेली. चालू केला की कंपनीचं नाव क्षणभर झळकतं आणि पडदा काळा होतो. आवाज मात्र खणखणीत, रिमोटने चॅनेलही बदलतात. जवळच्या दुरुस्तीवाल्याने मागचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं की पॅनेल गेलं, नवीनच घ्या. हे खरं मानायचं का?

एवढ्या माहितीवर तरी मी मानणार नाही. नाव झळकून पडदा काळा होणं हे बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेल्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे, आणि बॅकलाइट म्हणजे पॅनेल नव्हे. पॅनेल ही टीव्हीतली सगळ्यात महाग वस्तू. ते सुटं घ्यायला गेलात तर नव्या टीव्हीच्या जवळपास खर्च जातो, म्हणून ‘पॅनेल गेलं’ म्हटलं की गिऱ्हाईक मुकाट्याने टीव्ही भंगारात टाकतं. बॅकलाइटच्या पट्ट्या त्या मानाने फार स्वस्त. त्यामुळे दोषाचं नाव ठरण्याआधी तपासणी व्हायला हवी, आणि तिचा पहिला भाग तुम्ही घरीच, झाकण न उघडता करू शकता.

आवाज येतोय यावरूनच बरंच काही कळतं. मुख्य पॉवर सप्लाय जिवंत आहे, मेन बोर्डला व्होल्टेज मिळतंय, त्यावरचा प्रोसेसर सुरू होतोय, ऑडिओचा भाग चालतोय. रिमोटने चॅनेल बदलतात म्हणजे सॉफ्टवेअरही अडकलेलं नाही. पूर्ण मेलेल्या टीव्हीपेक्षा ही स्थिती कितीतरी बरी. आता शोधायचं एवढंच, की चित्र बोर्डपर्यंतच पोचत नाही, की पोचून पॅनेलवर उमटत नाही, की उमटतंय पण मागे उजेड नसल्यामुळे दिसत नाही.

पहिली शक्यता आधी निकालात काढा, तिला पैसे लागत नाहीत. सेट-टॉप बॉक्सचा नाही, टीव्हीचा स्वतःचा रिमोट घ्या आणि मेनू किंवा होमचं बटण दाबा. मेनू दिसला तर टीव्ही ठणठणीत आहे, दोष बॉक्समध्ये, वायरमध्ये किंवा इनपुटच्या निवडीत. गावाकडे डीडी फ्री डिशचा बॉक्स अजून तीन रंगांच्या एव्ही वायरने जोडलेला असतो. त्यात लाल आणि पांढरी पिन आवाजाची, पिवळी चित्राची. पिवळी सैल झाली की आवाज चालू आणि पडदा काळा, हे व्हायचंच. काही टीव्हींत पिवळ्या पिनेसाठी वेगळं भोक नसतं, ती हिरव्या भोकात लावायची असते आणि इनपुटमध्ये ‘एव्ही’ निवडायचं असतं. घर बदलल्यावर, रंगकाम झाल्यावर हा घोळ हमखास होतो. एचडीएमआय वायर असेल तर ती दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवा, दुसऱ्या पोर्टात लावून बघा. बॉक्समध्ये कोणी रिझोल्यूशन टीव्हीला न झेपणारं ठेवलं असेल तरी चित्र येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून लोक ओशाळतात. सोनी, एलजी, सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत पडदा बंद ठेवून फक्त आवाज ऐकण्याची सोय असते. आजोबा पहाटे अभंग ऐकायला टीव्ही लावतात, नातवाने ती सोय सुरू केलेली असते आणि घरात मात्र टीव्ही बिघडला म्हणून गोंधळ. अशा वेळी रिमोटचं एखादं बटण दाबलं की चित्र परत येतं. तुमच्याकडे नाव दिसून जातंय, म्हणजे हे कारण नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचे पैसे वाचतील. तसंच टीव्ही भिंतीवरच्या बटणावरून बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मग लावा. अडकलेला बोर्ड कधीकधी एवढ्यानेच ताळ्यावर येतो.

मेनूही दिसत नसेल तर टॉर्च. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा, टीव्ही चालू करा, मेनू उघडा किंवा एखादं बातम्यांचं चॅनेल लावा, कारण त्यावर मोठी ठळक अक्षरं असतात. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण एकाच जागी उजेड पाडणारी बॅटरी असेल तर उत्तम. ती पडद्यापासून दोन-चार बोटांवर तिरकी धरा आणि हळूहळू फिरवत नीट निरखा. घाई करू नका, डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर जातं. उजेडाच्या वर्तुळात पुसटशी हलती आकृती, अक्षरं, मेनूची चौकट दिसली, तर निकाल लागला: मेन बोर्डचा चित्राचा भाग चांगला, टीकॉन (मेन बोर्डकडून आलेलं चित्र पॅनेलला पोचवणारा छोटा बोर्ड) चांगला, पॅनेल चांगलं. गेलाय तो मागचा उजेड. दुरुस्तीवाल्याला बोलावून त्याच्यासमोर हे करा, मग पॅनेलचं नाव तो काढणार नाही.

असं होतं कारण पॅनेल स्वतः प्रकाश देतच नाही. बाजारात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात त्यात पुढे एलसीडी पॅनेल असतं आणि त्याच्या मागे पांढऱ्या एलईडींच्या पट्ट्या. पॅनेल फक्त तो उजेड कुठे अडवायचा, कुठे सोडायचा ते ठरवतं. मागचा उजेड गेला तरी पॅनेल आपलं काम करत राहतं, आपल्याला मात्र काही दिसत नाही.

आता नाव झळकून का जातं? पट्टीवरचे एलईडी एकामागून एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात, आणि बऱ्याच टीव्हींत सगळ्या पट्ट्या मिळून एकच सिरीज होते. गणपतीत लावायच्या जुन्या माळांमध्ये एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, तसाच हा प्रकार. टीव्ही चालू होताच ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणारं सर्किट, पट्ट्यांना करंट देतो. निकामी होत आलेला एलईडी थंड असताना क्षणभर पेटतो, लगेच त्याचा आतला जोड तुटतो, ड्रायव्हरला कळतं की करंट जात नाही आणि व्होल्टेज चढतंय, आणि तो स्वतःला बंद करतो. चित्र तयार होतच राहतं, आवाजाला तर याचा पत्ताच नसतो. काही टीव्हींत दोन-तीन वेगळ्या सिरीज असतात, तिथे पडद्याचा एखादा पट्टा काळवंडतो आणि बाकीचं दिसत राहतं. बंद पडण्याच्या आधी काही आठवडे चित्र निळसर, जांभळट झालं होतं का ते आठवून बघा. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश असतो, त्यावरचा पिवळा थर उष्णतेने करपला की निळं बाहेर डोकावतं.

एलईडी मरतात ते मुख्यतः उष्णतेने. दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून तो भडक मोडवर, बॅकलाइट शंभरवर ठेवतात, आणि घरी आल्यावरही कोणी तो बदलत नाही. वर्षानुवर्षं तो तसाच दिवसाचे आठ-दहा तास चालतो. वर टीव्ही कोनाड्यात घट्ट बसवलेला, मागे हवेला जागा नाही. पावसाळ्यातला झटका किंवा वीज येताना वाढलेलं व्होल्टेज याला लोक लगेच दोष देतात, पण तसा झटका बहुतेकदा पॉवर सप्लाय किंवा एचडीएमआय पोर्ट उडवतो. आवाज शाबूत ठेवून फक्त बॅकलाइट घालवणं हे त्याचं काम सहसा नसतं.

इथून पुढचं मीटर वापरता येणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी वाचून घ्या, म्हणजे समोरचा काय करतोय ते कळेल, पण झाकण उघडू नका. प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठून राहू शकतात, आणि पट्ट्यांना जाणारं व्होल्टेजही मोठ्या टीव्हींत शंभराच्या वर असतं.

पट्ट्यांचा कनेक्टर शोधा. बहुतेक बोर्डांवर ‘एलईडी प्लस’ आणि ‘एलईडी मायनस’ असं छापलेलं असतं. मीटर डीसीवर ठेवून टीव्ही चालू करा आणि पहिल्या दोन सेकंदांत आकडा काय करतो ते बघा. आकडा उसळून वर गेला आणि खाली आला, तर ड्रायव्हर जिवंत आहे आणि पट्टीतला जोड कुठेतरी तुटलाय. आकडा उसळलाच नाही, नुसते १२ किंवा २४ व्होल्ट तिथेच बसून राहिले, तर ड्रायव्हरला पुरवठा मिळतोय पण तो व्होल्टेज चढवत नाही. मग मेन बोर्डकडून येणारा बीएल-ऑनचा, म्हणजे बॅकलाइट लाव असं सांगणारा, सिग्नल तपासा, तिथे साधारण तीन ते पाच व्होल्ट हवेत. सिग्नल असूनही उसळी नसेल तर ड्रायव्हरची आयसी, मॉसफेट, डायोड. सिग्नलच नसेल तर मेन बोर्ड किंवा त्यातलं सॉफ्टवेअर. पुरवठाच कमी असेल तर पॉवर सप्लायमधले डोकं फुगलेले कपॅसिटर आधी बघा. हा क्रम सोडून थेट पट्ट्या बदलणारे खूप भेटतात. पट्ट्या नव्या घातल्यावरही अंधारच राहतो, आणि मग तेच म्हणतात की पॅनेल गेलंय.

बॅकलाइट टेस्टर असेल तर काम आणखी सोपं. त्याच्या दोन पिना कनेक्टरला लावल्या की पट्ट्या टीव्हीशिवाय पेटतात. पेटल्या नाहीत तर पॅनेल उघडायचं. टेस्टर रिकामा असताना त्याच्या पिनांवर मोठं व्होल्टेज असतं, हात लांब ठेवा.

पॅनेल उघडणं ही या दुरुस्तीतली खरी जोखीम आहे, आणि मजुरी मुख्यतः तिचीच. पुढची कड काढून काच उचलावी लागते. ती अतिशय पातळ असते आणि तिच्या कडेला चिकटलेल्या नाजूक फिती बोर्डाला जोडलेल्या असतात. एका कोपऱ्यातून उचलली की तडा गेलाच, आणि मग ‘पॅनेल गेलं’ हे वाक्य खरं ठरतं. ४३ इंचाला दोन माणसं हवीत, जमिनीवर गादी किंवा स्वच्छ टेबल हवं. काचेखाली दोन-तीन पारदर्शक, दुधाळ शीट असतात. त्यांचा क्रम आणि बाजू लक्षात ठेवायची, बोटांचे ठसे पडू द्यायचे नाहीत, पंखा बंद ठेवायचा. एक केस किंवा मुंगी आत राहिली तर पुढची सगळी वर्षं ती डोळ्यांसमोर दिसत राहते. एवढं काम छोट्या टपरीत, रस्त्याची धूळ उडत असताना करायला कोणी बसला तर टीव्ही उचलून परत आणा.

पट्ट्या दिसल्या की एकेक एलईडी टेस्टरने तपासता येतो. मेलेला बहुतेकदा मधोमध काळा ठिपका पडलेला असतो. इथे दोन मतं आहेत. काही जण फक्त मेलेला एलईडी बदलतात. खर्च नगण्य, आणि माझा याला ठाम विरोध आहे. सगळे एलईडी एकाच दिवशी जन्मले आणि सारखेच तापले. एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वाटेवर आहेत, आणि पुढचा गेला की काच पुन्हा उचलायची. पूर्ण संच बदला. नवा संच घेताना पट्टीवर छापलेला पार्ट नंबर, पट्टीची लांबी, एलईडींची संख्या, त्यांच्यातलं अंतर आणि तो तीन व्होल्टचा आहे की सहाचा, हे सगळं जुळायला हवं. ‘४३ इंचाची पट्टी’ म्हणून मिळेल ती घेऊन चालत नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या पट्ट्या निघतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली अशा बाजारात जुनी पट्टी हातात घेऊन गेलात तर जुळणी नीट होते. फोटोवरून मागवलेल्या पट्टीत कनेक्टर उलट्या बाजूला निघाल्याचं मी पाहिलं आहे. प्रत्येक एलईडीवर छोटं भिंग चिकटवलेलं असतं, ती सगळी घट्ट आहेत ना ते बोटाने चाचपून घ्या. भिंग सुटलं तर पडद्यावर पांढरा गोल डाग दिसतो.

जाणता कारागीर याच वेळी आणखी एक काम करतो: ड्रायव्हरचा करंट थोडा कमी. करंट ठरवणारे दोन-तीन रेझिस्टर समांतर लावलेले असतात, त्यातला योग्य तो काढला की करंट घटतो. उजेड किंचित उतरतो, घरातल्या वापरात तो जाणवत नाही, पट्ट्या मात्र थंड राहतात. मेनूतून बॅकलाइट पन्नास-साठवर आणला तरी बऱ्याच अंशी हाच फायदा मिळतो. फक्त ‘ब्राइटनेस’ नावाची पट्टी कमी करू नका, बऱ्याच टीव्हींत ती चित्रातल्या काळ्या रंगाची पातळी बदलते, मागच्या उजेडाशी तिचा संबंध नसतो.

टॉर्च लावून काहीच दिसलं नाही तर दुसरी वाट. पूर्ण अंधारात पडदा निरखा. राखाडी, धूसर झाक दिसते का? दिसत असेल तर मागे उजेड आहे आणि पुढे चित्रच तयार होत नाही. टीव्हीत जी पॅनेलं वापरतात ती बहुतेक अशी असतात की सिग्नल नसला तर काळीच राहतात. अशा वेळी संशय मेन बोर्डकडून टीकॉनकडे जाणाऱ्या वायरवर, टीकॉनवर आणि शेवटी पॅनेलवर. वायर काढून, तिची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवली की चित्र परत येतं, असं बऱ्याचदा घडतं, कोकणात तर फारच. खाऱ्या दमट हवेने त्या बारीक पिनांवर हिरवट थर चढतो. टीकॉनवर कनेक्टरजवळ एक तांदळाएवढा फ्यूज असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज सारखं हवं, मोठ्या टीव्हीत सहसा १२. फ्यूज उडाला असेल तर नवा टाकून मोकळं होऊ नका, तो कशामुळे उडाला ते शोधा. पुढे टीकॉनने तयार केलेली व्होल्टेज मोजा: एव्हीडीडी १५ च्या आसपास, व्हीजीएच २५ ते ३०, व्हीजीएल शून्याच्या खाली. ही व्होल्टेज पडलेली असतील तर टीव्ही बंद करून पॅनेलकडे जाणाऱ्या एका बाजूच्या फिती काढा आणि पुन्हा चालू करा. अर्ध्या पडद्यावर चित्र आलं तर टीकॉन निर्दोष, ज्या बाजूच्या फिती काढल्या त्या अर्ध्या भागात शॉर्ट आहे. ही वेळ मात्र खरोखर पॅनेल गेल्याची. छोट्या ३२ इंची टीव्हींत बऱ्याचदा टीकॉन वेगळा नसतो, मेन बोर्डातच सामावलेला असतो, तिथे हा भाग तपासणं जास्त किचकट.

पॅनेल घालवण्याचा आपल्याकडचा हमखास मुहूर्त म्हणजे दिवाळीची साफसफाई. काच पुसायचं पाणी थेट पडद्यावर फवारलं जातं, ते ओघळून खालच्या कडेत शिरतं, आणि नाजूक फितींची टोकं नेमकी तिथेच असतात. आधी उभ्या रेघा येतात, मग अर्धा पडदा जातो, मग सगळा. फवारायचंच असेल तर कापडावर, तेही टीव्ही बंद करून. कापड ओलसर हवं, ओलं नको.

ओलेड टीव्हीला यातलं टॉर्चचं प्रकरण लागू नाही, तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे पट्ट्याच नसतात. जुन्या जाड एलसीडीत एलईडीऐवजी बारीक नळ्या आणि त्यांना वीज देणारा इन्व्हर्टर बोर्ड असतो. लक्षण तेच, टॉर्चची परीक्षाही तीच, पण नळ्या मिळवणं आता जिकिरीचं, काही कारागीर त्या काढून एलईडी पट्ट्या बसवून देतात. प्लाझ्मा कोणाकडे अजून असेल तर त्यावर खर्च करू नका. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं थांबवलं.

तुमच्या टीव्हीवर खर्च करावा का, तर टॉर्चमध्ये आकृती दिसली तर माझं उत्तर हो. देण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या. पट्ट्या पूर्ण संचाने बदलणार का, करंट कमी करणार का, पट्ट्यांना किती महिन्यांची हमी, आणि उघडताना काच तडकली तर जबाबदारी कोणाची. शेवटच्या प्रश्नावर जो चाचपडतो त्याच्याकडे देऊ नका. ‘तडकणार नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा ‘जोखीम आहे, पण मी दोन माणसांनी उचलतो’ म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. टीव्ही देताना चालू अवस्थेत, टॉर्च लावून, दिसणाऱ्या पुसट चित्राचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे पॅनेल तुमच्याकडून चांगलं गेलं होतं याचा पुरावा राहील. आणि काम झालं की जुन्या पट्ट्या परत मागून घ्या, एक नाही, सगळ्या.